मुकुटाची जागा

मंगळवार, दुपार
(उद्या तुमचा शपथविधी)

प्रिय बाळ्या,

मंत्री झालास तरी मला तू बाळ्याच, तेव्हा राग मानू नकोस. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण तुझा फोटो पेपरात आला की शेजारणीकडे जायला तिला काठी लागत नाही.

शिवणखान्यात आम्हाला मान वर करायला फुरसत नाही. राजा गेला, त्याच्या सैन्याचे कोट राहिले. तुमच्या हंगामी सरकारचा हुकूम आला, नवे कोट नकोत, छातीवरचा मुकुट उसवून तिथे प्रजासत्ताकाचं चिन्ह शिवा. पण समितीने चिन्ह काढलं मुकुटाहून लहान! कोट उन्हाने विटलेत, मुकुटाखालचं कापड मात्र तसंच गडद. चिन्हाभोवती मुकुट दिसतोच. मग दुसरा हुकूम, चिन्हाखाली ठिगळ लावा. पूर्वी राजा बोले आणि दळ हाले. आता समिती बोलते, एवढाच काय तो फरक.

तुझं निमंत्रण मिळालं. पहिल्या रांगेत ‘हुतात्म्याची पत्नी’ म्हणून खुर्ची आहे. कागद छान जाड आहे.

जुना कोट सैल करून घ्यायचा म्हणून काल सेनापती माप द्यायला आले. हो, तेच, चौकात गोळीबाराचा हुकूम देणारे. ‘ताई, ह्याच्यावर खटला भरल्याशिवाय राहणार नाही,’ असं तू भावोजींना स्मशानात पोचवून आलास त्या दिवशी माझा हात धरून म्हणाला होतास. आता सैन्य नाराज व्हायला नको, म्हणून ते उद्या राष्ट्राध्यक्षांच्या उजव्या हाताला उभे राहणार.

पोट चांगलं सुटलंय त्यांचं. मी टेप लावत होते, तर गप्पा मारायला लागले.

“मालक काय करतात तुमचे?”

“नाहीत.”

“अरेरे. आजारी होते का?”

“नाही. चौकात उभे होते.”

त्यांनी दुसरा हात वर केला. मी त्याचंही माप घेतलं. माझा हात जरासुद्धा थरथरला नाही, त्याचाच मला संताप आला. घरी येऊन खूप रडले.

सगळ्यांच्या कोटांना ठिगळ लावलं. त्यांच्या कोटाला लावलेलं नाही. कोणी विचारलं तर माझं नाव सांग, नोकरी गेली तर जाऊ दे.

मी येणार नाही. तू समोरच बसशील, तेव्हा त्यांच्या छातीकडे नीट बघ.

निमंत्रणावरची हुतात्म्याची पत्नी तुमच्या सरकारची. हे लिहिणारी मात्र,

अजून तुझा शब्द धरून बसलेली,
ताई