टाकीखालचे चौकोन

३ मार्च, सोमवार

आजपासून रस्त्यावर विकायला बसायचं नाही. पंचायतीने सगळ्या विक्रेत्यांना पाण्याच्या उंच टाकीखाली हलवलं. चुन्याने चौकोन आखले, चिठ्ठ्या काढल्या. ताईच्या फण्या-बटणांना मधल्या खांबाजवळची जागा लागली – सगळ्यांत गार. शेजारची भाजीवाली म्हणाली, "नशीब काढलंस बाई." ताई दिवसभर पट्टराणीसारखी बसून होती.

मी बातमीसाठी गेलो आणि वर पाहिलं. त्याच खांबाला भेग. आतली सळई दिसते, गंजलेली. बातमी राहिली. घरी आलो.

४ मार्च

सरपंचांना भेग दाखवली. "शास्त्रीबुवा, तो नुसता गिलावा. वय झालं की सुरकुत्या पडायच्याच. तुम्हाला नाही पडल्या?" ग्रामसेवक म्हणाले, योग्य ती कार्यवाही केली जाईल. कर्मणि प्रयोगाची ही मोठी सोय – कर्ता कधी सापडत नाही.

संध्याकाळी ताईला म्हटलं, जाऊ नकोस.

"मग बसू कुठे? तुझ्या डोक्यावर?"

तिचंही खरंच. चौकोन रिकामा ठेवला की तो दुसऱ्याचा. रस्त्यावर बसलं की माल पंचायतीच्या ट्रॅक्टरमध्ये.

५ मार्च

भेगेत काडी घालून पाहिली. सकाळी अडकत होती, दुपारी सरळ आत गेली. ताई मागून म्हणाली, "काय रे, टाकीचे दात कोरतोस?" आजूबाजूचे सगळे हसले. मीही हसलो. काडी खिशात घातली.

६ मार्च

बातमी पाठवली. टाकी धोकादायक, खाली बाजार. शेवटी पुरावा म्हणून एक ओळ जोडली – वरच्या आळीत पाणी कमी दाबाने येतं, म्हणजे टाकी गळत असणार. संपादकांचा फोन: "इंजिनियर काय म्हणतो? विचारलं नाहीत? बरं, बघतो."

त्यांच्या 'बघतो'चा अर्थ कोणत्याही कोशात नाही.

८ मार्च

छापून आली. 'वरच्या आळीत पाणी कमी दाबाने, नागरिक त्रस्त.' बस्स. प्राणी टाकून दिला, शेपूट तेवढं छापलं.

९ मार्च, रविवार

टाकी भरणारा पंपवाला दारात उभा. आत ये म्हटलं तर येईना.

"काका, काय केलंत हे? भेग दिसली तेव्हापासून मी टाकी अर्धीच भरत होतो. मुद्दाम."

"अरे, मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर काढून टाकलं असतं. आता न बोलता काढलं."

तसाच सरपंचांकडे धावलो. चहा पुढे केला त्यांनी. खूश होते. "बघा, तुमच्या बातमीची दखल घेतली की नाही? नवा माणूस मंगळवारपासून. काठोकाठ भरतो म्हणाला." मी हातवारे करून सांगत राहिलो. ते म्हणाले, "आधी पाणी नाही म्हणून ओरड, आता आहे म्हणून. तुमचं नक्की काय ते ठरवा."

चहा तसाच ठेवून उठलो.

१० मार्च

चौकोनाचौकोनापाशी जाऊन विनवलं. भाजीवाली म्हणाली, "रस्ता मोकळा करून द्या, आत्ता उठते." माझ्याकडे रस्ता नाही. ताईने तर तोंडच फिरवलं.

११ मार्च, मंगळवार

हे टाकीखाली लिहितो आहे. ताई उठत नाही, म्हणून तिच्याच पोत्यावर येऊन बसलो. "आलासच तर नीट टेकून बस, फण्या तुडवू नकोस." पंप सकाळपासून चालू होता. आत्ता थांबला. भरली असणार.

ताई विचारते आहे, "अंग का कापतंय रे तुझं?"

मी नाही कापत. माझी पाठ खांबाला टेकली आहे.