'जाते' म्हणणार नाही

ती. आईला इथूनच वाकून नमस्कार.

तुझ्या सगळ्या सूचना पाळते. पासपोर्ट जपून ठेवलाय, अनोळखी माणसाला पत्ता सांगत नाही. जेवतेही वेळेवर.

काल मात्र घरमालकीणबाई चिडल्या. कामावर निघताना मी सवयीने, पण त्यांच्या भाषेत, "येते" म्हणाले. ही लगेच परत येणार असं समजून त्या दुपारपर्यंत दार उघडं ठेवून बसल्या. "चोर शिरला असता. निघताना 'जाते' म्हणायचं," त्यांनी बजावलं.

चपला बाहेर काढते, हळू बोलते, त्यांचं सगळं ऐकते. हे ऐकणार नाही. स्पष्ट सांगितलं, "दार खुशाल लावून घ्या, किल्ली आहे माझ्याकडे. पण 'जाते' माझ्या तोंडून निघायचं नाही."

बाबांचा गुडघा कसा आहे?

तुलाही 'येते'च म्हणाले होते. पण तू दार लावून घेत जा.

तुझी,
धाकटी