साहेबांचे हात तेवढे स्वच्छ

रत्नागिरी,
१७ मे २००४

चि. गोपाळकृष्ण यास,

मालिनीताईचे अनेक आशीर्वाद. तुझा रक्तदाब आटोक्यात असावा आणि चि. सौ. वैदेहीच्या गुडघ्याने जिन्याशी तह केला असावा, अशी आशा करते. माझी प्रकृती उत्तम आहे (याचे श्रेय मी डॉक्टरांना देत नाही).

कोणीतरी फोनवर तुला अर्धवट हकीकत सांगण्यापूर्वी वस्तुस्थिती क्रमाने मांडते. पहिली गोष्ट, शेजारच्या सुनंदाने कॉलेजजवळ खानावळ काढण्यासाठी गाळा घेतला आहे. दुसरी, जूनमध्ये वर्ग भरण्यापूर्वी खानावळ सुरू झाली नाही, तर मालक तो गाळा झेरॉक्सवाल्याला देणार आहे. तिसरी, परवान्याचे सर्व कागद पूर्ण आहेत (मी तपासले आहेत, याहून अधिक पूर्ण ते होऊ शकत नाहीत). चौथी, परवाना कार्यालयातले साहेब त्यावर सही करीत नाहीत. पाचवी, मी साहेबांना सापळ्यात पकडण्यास गेले. सहावी, माझे हात गुलाबी झाले.

आता विस्तार. गेल्या डिसेंबरात मेक्सिकोमध्ये देशोदेशीच्या सरकारांनी भ्रष्टाचाराविरुद्धच्या करारावर सह्या केल्या, हे तुझ्या वाचनात आले असेलच (नसल्यास मला कळवू नकोस, वाईट वाटेल). त्या विषयावर मी वाचनालयात व्याख्यान दिले. बेटांवरची गुप्त खाती, फुगवलेले ताळेबंद, टाय लावून होणारी लूट, सर्व सविस्तर सांगितले. ठरल्या वेळेपेक्षा तासभर अधिक बोलले, तरी एकही श्रोता उठला नाही (दार माझ्या पाठीमागे होते). शेवटी सुनंदा उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मेक्सिकोचं कळलं. माझ्या खानावळीचं काय?" प्रश्न विषयाला सोडून होता, परंतु उत्तर देणे भाग होते. साहेबांनी तिला बजावले होते, "आमच्याकडे पैसेबैसे चालत नाहीत हो. सीझन आहे, एवढं ध्यानात ठेवा." अर्थात हापूसची पेटी.

तिने संबंधित खात्याकडे रीतसर तक्रार करावी, असे मी सुचवले. ती म्हणाली, "मला खानावळ काढायचीय बाई, कोर्टात ऱ्हायला नाही जायचं." तेव्हा हे कार्य मीच अंगावर घेतले. रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक धम्मदीप यांनी ती सुप्रसिद्ध पावडर मिळवली. ती लावलेल्या वस्तूला हात लागला आणि तो हात सोड्याच्या पाण्यात बुडवला, की गुलाबी रंग उमटतो. पावसच्या रस्त्यावरील माझ्या बागेतला एकेक आंबा मी स्वतः निवडला, धम्मदीपांनी त्यावर पावडर भुरभुरली, आणि पेंढा नीट रचून पेटी बंद केली. योजना निर्दोष होती. सुनंदा पेटी देईल, साहेब ती घेतील, बाकावर वर्तमानपत्र वाचत बसलेली मी चष्मा काढीन, आणि त्या खुणेवर धम्मदीप सोड्याच्या पाण्याचे घमेले घेऊन आत येतील.

सुनंदाने पेटी साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी पेनाच्या टोकाने ती हेडक्लार्कला दाखवली आणि म्हणाले, "रावजी, बघा जरा." रावजींनी फळी उचकटली, आणि येथे मी एक गोष्ट हिशेबात धरली नव्हती, हे उघड झाले. रत्नागिरीत उघडी पेटी दिसली आणि माणूस आंबा न दाबता पुढे गेला, असे घडलेले नाही. शिपाई आले, टायपिस्ट आली, दाखल्यासाठी रांगेत उभी असलेली मंडळी रांग मोडून आली. प्रत्येकाने दाबले, हुंगले, मत दिले. रावजी म्हणाले, "हा आपल्याकडचा नव्हे हो. देवगडचा. साल बघा कशी पातळ." इतके मी सहन केले. तेवढ्यात रांगेतला एक गृहस्थ म्हणाला, "देवगडचा तरी कसला? कर्नाटकचा असेल, लेबल बदलून!"

गोपाळ, मनुष्याच्या सहनशक्तीला सीमा असते. मी उठले, चष्मा काढला (संतापाने), पेटीतला सर्वांत मोठा आंबा उचलला आणि देठ, साल, गंध या क्रमाने त्या गृहस्थाचे अज्ञान दूर करू लागले. चष्मा निघालेला पाहून धम्मदीप घमेले घेऊन आत आले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हात धुवा!" आंबे कापायचे आहेत, अशा समजुतीने सर्व कार्यालय आनंदाने पुढे सरसावले. घमेले गुलाबी झाले. रावजी तळहात न्याहाळत म्हणाले, "लग्नात मेंदी नव्हती हो एवढी रंगली!" सर्वांत गडद रंग माझ्या हातांना आला. कारण सर्वांत अधिक फळे मीच हाताळली होती.

साहेबांनी मात्र स्वतः होऊन हात पुढे केले आणि ताजे पाणी मागितले. धम्मदीपांनी दिले. पाणी जसेच्या तसे राहिले. साहेबांनी पेटीला बोटही लावले नव्हते. फक्त पेन लावले होते. मेक्सिकोच्या करारात काय राहून गेले असावे, ते मला तेथे कळले. ज्याचे टेबल मोठे असते, त्याला हात पुढे करावा लागत नाही. ते स्वच्छ पाणी आणि माझे गुलाबी हात पाहून सर्व कार्यालय हसले, सुनंदा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि वस्तुस्थिती लपवायची नसल्याने लिहिते, मीही हसले.

वैदेहीस आशीर्वाद.

तुझी ज्येष्ठ भगिनी,
डॉ. मालिनी

ता. क. : मूळ मुद्दा राहिला. हात पुसता पुसता साहेब म्हणाले, "बाई, तुमचे बंधू मुंबईत मोठे अधिकारी. दरवर्षी त्यांना पेट्या जातात, वर 'सप्रेम भेट' लिहून. ती भेट, आणि ही लाच? यातला फरक बंधूंकडून लेखी आणा, त्याच दिवशी सही करतो." हे वाक्य मी त्यांच्याकडून सर्वांसमोर दोनदा म्हणवून घेतले आहे. तरी तू लिहावेस, की त्या पेट्या भेट नसून बागेतील तुझ्या निम्म्या हिश्शाची फळे आहेत. स्वतःचे फळ कोणी लाच म्हणून घेत नाही. बागेत तुझा हिस्सा नाही, असे मी आजवर वकिलामार्फत आणि वकिलाशिवायही सांगत आले, हे मला स्मरते. पेट्यांवर 'सप्रेम भेट' मी त्याचसाठी लिहीत होते. परंतु सुनंदाने पातेली आणून ठेवली आहेत.

ता. क. २ : हा निम्मा हिस्सा परवाना चालू असेपर्यंतच मान्य समजावा. (परवान्याचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते आणि दरवर्षी तुझे पत्र जोडावे लागेल, असे रावजींनी आत्ताच येऊन सांगितले. सुनंदाला खानावळ जन्मभर चालवायची आहे.) फोन करू नये, फोनवर तू हसशील. मसुदा सोबत जोडला आहे. त्यातील स्वल्पविरामही न हलवता, सहीनिशी, उलट टपाली, लेखी उत्तर पाठवावे.