दगडावर आईचं नाव नाही

ओहायो, ९ जून २०१४

प्रिय ल्यूशस,
सवयीने आशीर्वाद.

शनिवारी, सात जूनला, सकाळी अकरा वाजता इथल्या कॉलेजच्या आवारातलं स्मारक उघडलं. पन्नास वर्षांपूर्वी इथे तयारी करून मिसिसिपीत आपल्या काळ्या लोकांची नावं मतदार यादीत घालायला आलेली मुलं आणि त्यांना घरात ठेवून घेणारी माणसं, सगळ्यांची नावं दगडात कोरली आहेत. आपल्या आईचं नाही.

माझी तब्येत बरी आहे. इथलं जेवण बेचव आहे, पण पोटभर मिळतं.

त्या उन्हाळ्यात आपल्याकडे राहिलेला पीटर आता काठी टेकत चालतो. त्याने सगळा दगड बोटाने चाचपला. "मिस ओडेसा कुठे आहेत?" म्हणाला. "मला गोळी लागू नये म्हणून त्यांनी आतली खाट दिली आणि स्वतः खिडकीखाली झोपल्या."

स्मारक समितीच्या बाई ओशाळल्या. "तुमच्या भावानेच नाव काढायला लावलं. त्यांचा जावई शेरीफच्या निवडणुकीला उभा आहे, गोऱ्यांची मतं जातील म्हणाले."

ज्या मतासाठी आई खिडकीखाली झोपली, ते मागताना तुला तिचीच अडचण झाली? शाळेत सिस्टर बर्नाडेटनी येशूला पैशांसाठी धरून देणाऱ्या यहूदाची गोष्ट सांगितली तेव्हा तू रडला होतास. मला वाटलं होतं, तुला ती समजली.

गुडघा कसा आहे? तुझ्या बायकोला, क्लारिसला म्हणावं, त्याला गोळ्या चुकवू देऊ नकोस.

आईचं नाव घालायला कोरणारा वीस तारखेला पुन्हा येईल. त्याला आपल्या दोघांची लेखी संमती हवी. माझी दिली आहे. तुझी, सहीनिशी, गुरुवारी एकोणीस तारखेला संध्याकाळी पाचच्या आत इथे पोचली पाहिजे. फोन करू नकोस.

ओडेसाची मुलगी,
ऑगस्टा