तिसऱ्या सत्रानंतर

फॅरिबो, मिनेसोटा
१४ ऑक्टोबर

प्रिय डेल,

तुला आणि रे वहिनीला खूप प्रेम. इकडे सगळं बरं आहे. मेपलची पानं गळून संपत आली, छपराची पन्हळ मी स्वतः शिडी लावून साफ केली. थंडीनं बाबांचा गुडघा कुरकुरतो, बाबा मात्र कुरकुरत नाहीत. पत्र पाहून दचकू नकोस. मेसेज केला की तू उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवतोस, आणि मला जे म्हणायचंय त्याला अंगठा पुरणार नाही.

रविवारचा फोटो मिळाला. छान आहे. बाबांच्या डोक्यावर जांभळी टोपी आहे, तीही छान आहे. मी काही म्हणत नाही. पण ज्या माणसानं जन्मभर विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या मरून रंगापायी दुसऱ्या संघाच्या रंगाचा मोजासुद्धा पायात घातला नाही, त्याच्या डोक्यावर रविवारी खेळणाऱ्या पगारी खेळाडूंची टोपी कशी चढली, एवढं मी विचारलं. तर म्हणाले, "डेलनं दिली गं. कानाला वारा लागत होता." डेल, तुमच्या मैदानाला छप्पर आहे. आत वारा कुठून आला?

तेव्हापासून इथे दुसरा विषय नाही. डेलच्या तिथे लिफ्ट आहे. डेलच्या तिथे खुर्चीला पाठ आहे. डेल जागेवर हॉट डॉग आणून देतो. मी इतकी वर्षं दर शनिवारी तासभर गाडी हाकत त्यांना नेते, गाडीमागे शेगडी मांडून सॉसेज भाजते, थर्मासमधून रानतांदळाचं सूप नेते, मांडीवर घोंगडी पसरते. त्याचं कौतुक कुणी केल्याचं मला आठवत नाही. विद्यापीठाच्या मैदानातल्या त्या दोन राखीव जागा आपल्या घरात माझ्या जन्माआधीपासून आहेत. आई गेल्यावर तिच्या जागेवर कोण बसलं? तुला तर तेव्हा थंडी वाजायची. आणि आता आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला तू हजर.

फोटोखाली तू लिहितोस, ओरडून ओरडून बाबांचा घसा बसला. घसा! माझ्या शेजारी ते 'हं'च्या पुढे कधी गेलेले नाहीत.

रेला सांग, तळ्यावर सुट्टीला गेलो होतो तेव्हा ती जे बोलली ते मी विसरलेले नाही. "तुमच्याकडे रविवारचा संघ आहे, म्हणून शनिवारी हरायला तुम्ही मोकळे! आमच्या नेब्रास्कात दुसरं आहे काय? आम्ही शनिवारी हरलो की सोमवारपर्यंत दुकानदार सुटे पैसे हातात देत नाही, फेकतो." मी हसले, पण नाकाला मिरच्या झोंबल्याच. अगं, सगळं राज्य लाल कपडे घालून रडत बसलं म्हणजे निष्ठा होते का? आम्ही फार अपेक्षा ठेवत नाही, म्हणून सुखी आहोत. निम्मे सामने जिंकले तरी पुष्कळ झालं. चारपैकी तिसरं सत्र संपलं आणि आपण मागे असलो, की मी बाबांना उठवते. "चला बाबा, आज काही खरं नाही." गर्दीच्या आत गाडीत, दिवेलागणीच्या आत घरी. याला शहाणपण म्हणतात. रे त्याला वेगळंच काही म्हणाली, ते मी इथे लिहीत नाही.

तर मुद्दा असा. थँक्सगिव्हिंगच्या शनिवारी विस्कॉन्सिनशी सामना आहे, कुऱ्हाडीचा, जिंकेल तो संघ ती मोठी कुऱ्हाड घेऊन जातो तो. बाबा म्हणतात, गुरुवारपासून ते तुमच्याकडे राहणार, शनिवारचा सामना तुमच्या दिवाणखान्यात टीव्हीवर पाहणार आणि रविवारी तुझ्याबरोबर जाणार. कुऱ्हाडीचा सामना, आणि टीव्हीवर! तू त्यांना शनिवारी मैदानाच्या दारात आणून सोड, पुढचं मी बघेन. रविवार तुझा. तुझे सगळे रविवार तुझे. मी एकच शनिवार मागतेय.

तुझी,
मार्लिस


फॅरिबो
३ डिसेंबर

प्रिय डेल,

टर्की छान झाली होती असं कळलं. मला सर्दी होती म्हणून आले नाही, असं मी कळवलं होतं. सर्दी नव्हती. दोन दिवस टेबलाच्या टोकाला बसून लिफ्टची वर्णनं ऐकायची माझी तयारी नव्हती.

शनिवारी मी एकटी गेले. बाबांच्या जागेवर त्यांची घोंगडी ठेवली, कुणी बसू नये म्हणून. मागच्या रांगेतला तो म्हातारा ओर्विल आठवतो ना, आपल्या लहानपणापासून आपल्या मानेवर शेंगदाण्याची टरफलं टाकणारा? त्यानं बाबांच्या जागेकडे बघत विचारलं, "लोवेल कुठाय?"

म्हटलं, "रविवारवाल्यांकडे."

"अरे देवा," तो म्हणाला, "डॉक्टर काय म्हणतात?"

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. वारा होता म्हणून खपलं.

सामना कसा झाला ते तुला माहीत आहे. तिसरं सत्र संपलं तेव्हा आपण इतके मागे होतो की बँडवाल्यांनीसुद्धा हातमोजे चढवले. मी घोंगडीची घडी घातली आणि सवयीनं मोठ्यानं म्हणाले, "चला, आज काही खरं नाही." कुणाला म्हणाले कोण जाणे. ओर्विलनं आमच्या रांगेत पसरलेले पाय बाजूला घेतले नाहीत, मी ते ओलांडून गेले.

पार्किंगमधून बाहेर पडताना रेडिओवर आपला पहिला टचडाउन ऐकला. दुसरा सिग्नलला. तिसऱ्याच्या वेळी मी हमरस्त्याला लागले होते, तरी काचा वर असताना मागून गर्जना आली, ती रेडिओतली नव्हती. मागे वळायला वाटच नव्हती. आम्ही जिंकलो आणि मी दक्षिणेकडे निघाले होते, घराकडे, गर्दीच्या आत.

पेट्रोल पंपावर थांबले, तेवढ्यात बाबांचा फोन. त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. "पोरी! पाहिलंस ना? सांग, सगळं सांग! कुऱ्हाड घेऊन पोरं कशी धावली?"

पाहिलं नाही, असं मला सांगता आलं नाही. मी म्हटलं, "पाहिलं तर! आपल्याच बाजूला आले बाबा. आपल्या समोरच्या गोलपोस्टवर घाव घालायचं सोंग केलं सगळ्यांनी आळीपाळीनं. मला चेहरे दिसत होते."

पलीकडे फोनवर काहीतरी घासल्यासारखं झालं. मग म्हणाले, "वा. नशीबवान आहेस. तुझ्या आईला तसंच समोरून बघायचं होतं." आणि मला आनंद झाला, डेल. खोटा तर खोटा, पण तुझ्याकडे नसलेला एक शनिवार माझ्याकडे आहे, असं वाटून मी घरापर्यंत गात गेले.

सोमवारी रेचा फोन आला, केक भाजायचं भांडं कुणाचं ते विचारायला. बोलता बोलता हसायला लागली. तिला वाटलं, मला सगळं माहीत आहे. टीव्हीवर तुम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं म्हणे, पोरं पलीकडच्या टोकाला धावली. आपल्या बाजूला कुणी फिरकलंसुद्धा नाही. फोन स्पीकरवर होता. मी सांगत होते तेव्हा तू "पण ते तर—" म्हणायला तोंड उघडलंस, आणि बाबांनी फोनवर हात ठेवून तुला डोळे वटारून गप्प केलं, लहानपणी चर्चमध्ये करायचे तसं.

म्हणजे त्यांना माहीत होतं. मी तेव्हा कुठे होते तेही कळलं असणार. फोनमध्ये मागे ऐकू येणाऱ्या पंपावरच्या गाड्या काय मैदानात फिरतात?

मग मी रेला विचारलं, जे तुला विचारायला मला लाज वाटत होती. बाबा माझ्याबरोबर का येत नाहीत? नेब्रास्काची बाई, सरळ सांगून मोकळी झाली. ते म्हणाले होते, "मार्लिस गुणाची पोर आहे. पण तिच्याबरोबर मला शेवट बघायला मिळत नाही. डेल बसू देतो."

रविवारी तुमचे जांभळे दणकून हरले. मी पाहिलं टीव्हीवर, खुर्च्या रिकाम्या होत होत्या. आणि तुम्ही दोघं शेवटपर्यंत बसून होतात म्हणे. मला वाटत होतं, तू लिफ्टच्या जोरावर बाबांना नेलंस. तू तर नुसता बसलास.

मी जळते, डेल. गेल्या पत्रात टोपीचं निमित्त होतं, आज काही निमित्त काढत नाही. ते तुझ्या शेजारी ओरडतात याचं मला वाईट वाटतं. त्यांनी माझं खोटं इतक्या प्रेमानं झाकलं, त्याचंही वाईट वाटतं, कारण ते त्यांनी तुझ्या घरात, तुझ्यासमोर झाकलं. आणि सगळ्यात जास्त याचं की ते एकदाही म्हणाले नाहीत, "थांब जरा, पोरी." मी उठा म्हटलं की उठायचे. चौऱ्याऐंशीच्या माणसाला मी दर शनिवारी आशेतून उठवून घरी नेत होते, आणि वर त्याला शहाणपण म्हणत होते.

पुढच्या वर्षासाठी दोन्ही जागा मी ठेवल्या आहेत. त्यातली एक तुला मिळेल असं मनातही आणू नकोस. पण एक काम तुझ्याकडे आहे, आणि ते तुला सांगताना माझ्या पोटात दुखतंय. बाबांना विचार, सप्टेंबरमध्ये माझ्याबरोबर येतील का. मी विचारलं तर ते होच म्हणतील. त्या गोलपोस्टसारखं, माझं मन राखायला. तुला ते खरं सांगतील. त्यांना सांग, शेवटची शिट्टी होईपर्यंत मी उठणार नाही. मग ओर्विलनं माझ्या मानेवर पोतंभर टरफलं टाकली तरी.

ते नाही म्हणाले, तर तसंच लिही. गोड करून लिहू नकोस.

तुझ्यावर जळणारी आणि तरीही तुझीच,
मार्लिस

ता. क. बाबा ती जांभळी टोपी तुझ्याकडे विसरलेत. पाठवून दे. आमच्या मैदानाला छप्पर नाही.