दुर्बीण एकाला, पिल्लू दुसऱ्याला

मी, खाली सही करणारी, दातांची निवृत्त डॉक्टर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझे पती शेजारच्या खोलीत मोठ्याने टीव्ही लावून बसले आहेत, ते दडपणात मोजू नये. माझ्या आजाराबद्दल डॉक्टर काय बोलायचं टाळतात ते मला कळतं. मीही जन्मभर रुग्णांना "अजिबात दुखणार नाही" असंच सांगत आले आहे.

१. राहतं घर पतींच्या हयातीत त्यांचं, त्यानंतर मुलीचं. बँकेतली शिल्लकही मुलीची. ती कुठे गुंतवावी याबद्दल जावईबापूंनी सल्ला देऊ नये. त्यांच्या सल्ल्याने आम्ही सगळे एकदा पोळलो आहोत.

२. दवाखान्यातली खुर्ची आणि हत्यारं माझ्या सहकारी डॉक्टरबाईंना. खुर्ची वर जाताना करकरते, तिला तेल घालू नये. त्या आवाजाने रुग्ण आपोआप आ करतात.

३. समोरच्या गच्चीवर दिवा जाळत ठेवणाऱ्या शेजाऱ्यांना, त्या दिव्यावर घालायला एक काळी टोपी. शिवून कपाटात ठेवली आहे.

४. आता मुख्य मुद्दा. गच्चीवरची दुर्बीण, आणि तिला आकाशाच्या चालीने हळूहळू फिरवणारं तिपाईवरचं माउंट, हे मी निवृत्तीनंतर हौसेने घेतलं. माउंट साधं आहे, प्रकृतीने नाजूक. ताऱ्यांचे फोटो काढायचे तर दुर्बिणीच्या पाठीवर आणखी एक छोटी दुर्बीण बसवावी लागते. तिला गाइडस्कोप म्हणतात, आमच्या घरात पिल्लू. पिल्लाचा कॅमेरा एका ताऱ्यावर डोळा ठेवतो, आणि तारा जरा हलला की माउंटला हटकतो. पिल्लू नसलं की फोटोत ताऱ्यांच्या अळ्या होतात.

पिल्लू कोणतं घ्यायचं यावरून घर डोक्यावर घेतलं गेलं. माझे पती पूल बांधणारे इंजिनीअर. त्यांनी आणलेलं पिल्लू आईपेक्षा धष्टपुष्ट निघालं. माउंटने ते उचललं, कण्हलं आणि मान टाकली. मग माझ्या धाकट्या भावाने, जो शाळेत भूगोल शिकवतो आणि नाकावर राग घेऊन फिरतो, मुठीत मावेल असं हलकं पिल्लू मला भेट दिलं. निवड अगदी बरोबर. पण बसवलं ते रबरबँड लावून, त्यामुळे ते डुलायचं आणि अळ्या पुन्हा हजर.

आता अडचण अशी, की माझ्या भावालाही लहानपणापासून सगळे पिल्लूच म्हणतात. एका संध्याकाळी पाहुणेमंडळी गच्चीवर असताना हे म्हणाले, "पिल्लू ढिलं आहे. काही कामाचं नाही. खाली उतरवा त्याला." भाऊ तेव्हा स्टुलावर उभा होता. तो उतरला, चपला घातल्या आणि गेला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. ह्यांना विचारलं तर म्हणतात, मी दुर्बिणीबद्दल बोललो. इतकी वर्षं मी संसार केला आहे. ते दोघांबद्दल बोलले.

हे फिरायला गेले की भाऊ मला बघायला येतो. ह्यांच्या चपला दाराशी दिसल्या तर जिन्यातूनच परत जातो. मला याचं फार वाईट वाटतं. मुलगी दूर असते. माझ्यानंतर ह्यांच्याशी भांडायलाही कोणी उरणार नाही, आणि भांडल्याशिवाय ह्यांना जेवण जात नाही.

म्हणून दुर्बीण आणि माउंट पतींना. पिल्लू, त्याच्या कॅमेऱ्यासकट, भावाला. ते घट्ट धरून ठेवणारी पट्टी पतींनी स्वतः बनवावी, त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. एकाला दुसऱ्याशिवाय एकही धड फोटो काढता येणार नाही. कोणीही आपली वस्तू विकली किंवा माळ्यावर टाकली, तर सगळं जावईबापूंकडे जाईल. ते दुर्बीण दिवाणखान्यात झुंबराखाली ठेवतील.

पुरवणी. मृत्युपत्र हयातीत वाचून दाखवू नये, असं वकीलबाईंचं मत पडलं. मी ऐकलं नाही. दोघांना एका खोलीत बसवलं आणि भेटायला आलेल्या मुलीला वाचायला लावलं. चौथं कलम संपलं. हे छताकडे बघत होते, भाऊ खिडकीकडे. शेवटी ह्यांनी घसा साफ केला.

"त्याला स्क्रू कोणत्या मापाचे लागतात रे?"

"वरून आणून दाखवतो, भावोजी," भाऊ म्हणाला, आणि खरंच गच्चीवर गेला. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

वकीलबाईंनी विचारलं, बोलणं सुरू झालंय, तर चौथं कलम काढून टाकू का? मी नको म्हटलं. आज ते दोघं माझ्या तोंडाकडे बघून बोलले. मी नसेन तेव्हा त्यांना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागेल. कलम राहू द्या.

सही: (वाचता येईल अशी, डॉक्टर असूनही)

साक्षीदार: खालच्या मजल्यावरच्या ग्रंथपाल काकू, औषधाच्या दुकानाचे मालक. दोघांनाही वाटणीत काही नाही, तरी चहावर सही केली.

स्थळ: राहतं घर, मागची खोली
दिनांक: आठ जानेवारी, आकाश निरभ्र