तेल हाताला लावायचं

खारी, भाईंदर पूर्व
रविवार, १४ डिसेंबर २०२५

प्रिय वैजूआत्या,

सप्रेम जयभीम.

आम्ही सगळे बरे आहोत. पप्पांचा खोकला कमी झालाय. आईने तुझ्यासाठी बोंबील सुकवून ठेवलेत, कोणी गावाकडे येणारं मिळालं की पाठवू. सहा डिसेंबरला आम्ही दादरला गेलो होतो. दरवर्षी रांगेत तू पुढे असतेस आणि मी तुझा पदर धरून मागे. यंदा पदर नव्हता, तर मी दोन वेळा रांग चुकले. पप्पा ओरडले, "एवढी ग्रॅज्युएट झालीस, सरळ चालता येत नाही?"

फोन केला की तू "बरी हाय, ठेव आता" म्हणतेस आणि ठेवतेस. म्हणून पत्र. हे तुला तिथे गावी संघर्षदादा वाचून दाखवेल. दादा, घाईत वाचू नकोस. आत्याला चहा करून दे आणि मग बस.

आत्या, मला आपले रविवार आठवतात. मी तिसरी-चौथीत असेन. तू मला सोबत इंद्रलोकच्या बिल्डिंगांत मालिशीच्या कामाला न्यायचीस. बाळंतिणीच्या खोलीत शिरण्याआधी दारातच हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवायचीस आणि माझ्या हातात चढवायचीस. त्या माझ्या कोपरापर्यंत वर जायच्या. "फुटली तर बघ," एवढंच बोलायचीस. मग मी हात छातीशी धरून कोपऱ्यात तासभर बसून राहायचे. तू पाय लांब करून बसायचीस, बाळाला नडग्यांवर पालथं घ्यायचीस. तेलाची वाटी कधी गॅसवर ठेवायची नाहीस, गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचीस. मी एकदा विचारलं होतं, बाळाला तेल थेट का नाही ओतत? तू म्हणालीस, "तेल हाताला लावायचं, बाळाला न्हाय. हात ऊन झाला तरच लेकरू हात ओळखतं."

निघताना तू मनगट पुढे करायचीस आणि मी एकेक बांगडी परत चढवायचे. सगळ्या शाबूत. घरी येताना गोळ्या मिळायच्या. माझी पहिली नोकरी तीच.

दुसरी नोकरीही तूच दिलीस. मिनल मॅडमच्या मुलाची, साहिलची मालिश तू केली होतीस. त्यांनी जेसल पार्कला 'ओंजळ वेलनेस' हे बाळांच्या मालिशीचं सेंटर काढलं तेव्हा पहिल्यांदा तुलाच बोलावलं होतं. तू जाऊन बघून आलीस आणि नाही म्हणालीस. "पंचेचाळीस मिंटांनी घंटी वाजते म्हणं. लेकराला काय घड्याळ कळतं?" पण त्याच वेळी त्यांना सांगून आलीस की माझी भाची बी.ए. झालीय, मराठी लिहिते, तिला ठेवा. घरी येऊन मला म्हणालीस, "खुर्चीत बसून लिवायचं काम हाय. हाताला तेल लागायचं न्हाय."

मी ब्लॉग लिहिते हे तुला सांगितलं होतं, पण ब्लॉग म्हणजे काय हे नीट कधी सांगितलं नाही. नवीन आई झालेली बाई फोनमध्ये शोधते, 'बाळ रडतंय, मालिश कशी करावी'. तिला आमचं लिखाण सापडलं पाहिजे, तिने ते शेवटपर्यंत वाचलं पाहिजे आणि मग खाली दिलेल्या नंबरवर फोन केला पाहिजे. सुरुवातीचे तीन महिने कोणी फोन केला नाही. मी पुस्तकात बघून लिहायचे, 'मालिशीचे शास्त्रीय फायदे' वगैरे. मॅडम म्हणायच्या, "संध्या, ये तो एकदम निबंध झाला रे. मलाच झोप आली."

मग मी तुझं लिहायला लागले. पातेल्यातली वाटी लिहिली. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून तेल बघणं लिहिलं. पोटावरून हात नेहमी एकाच दिशेने फिरवायचा, रडणाऱ्या बाळाच्या तळपायांपासून सुरुवात करायची, हेही लिहिलं. लोक वाचायला लागले, फोन यायला लागले. खाली मी लिहायचे, 'आमच्या आजीबाईंकडून चालत आलेली पद्धत'. कुठल्या आजीबाई, आत्या? मॅडमच्या आजी राजकोटला होत्या आणि त्यांनी कोणाची मालिश केली होती ते मॅडमनाही माहीत नाही. तुझं नाव घालावं असं मला वाटलं होतं. पण वेलनेस सेंटरच्या पानावर खारीतल्या एका मालिशवाल्या बाईचं नाव बरं दिसेल का, असंही वाटलं. हे मी आज पहिल्यांदा लिहितेय.

एवढंच असतं तर मी फोनवर सांगितलं असतं. तू हसली असतीस.

सप्टेंबरची ती संध्याकाळ आठवते ना? तू कामावरून लवकर आलीस. मी डाळ निवडत होते. तू फोन पुढे केलास. इंद्रलोकच्या स्वप्नालीच्या सासूबाईंनी बोलून मेसेज पाठवला होता, 'मावशी, उद्यापासून येऊ नका', आणि खाली एक लिंक. तू म्हणालीस, "हे काय धाडलंय बघ गं. नववा दिस हाय लेकराचा, आन् नको म्हणत्यात."

मी लिंक उघडली. तो माझाच ब्लॉग होता. खाली माझं नाव नसतं, 'टीम ओंजळ' असतं.

मी तुला मोठ्याने वाचून दाखवला. तू भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकलंस. वाटीचं ऐकून मान हलवलीस. 'तेल हाताला लावायचं' आलं तेव्हा डोळे उघडलेस. "हे तर माझं बोलणं." मी पुढे वाचत गेले. संपल्यावर तू म्हणालीस, "चांगलं लिवलंय की. ह्यात मला नको म्हणण्यासारकं काय हाय?"

त्यात होतं, आत्या. मधला एक परिच्छेद मी वाचलाच नाही.

आता तो पूर्ण उतरवते. दादा, जसा आहे तसा वाच.

'आजही अनेक घरांत मालिशीसाठी बाई बोलावली जाते. या बायकांनी कुठलंही प्रशिक्षण घेतलेलं नसतं. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना त्यांचे हात किती स्वच्छ असतात, हे कोणी पाहिलंय? अंदाजाने केलेल्या मालिशीमुळे नाजूक हाडांना इजा होऊ शकते. आपलं बाळ अडाणी हातांत देण्याआधी दोनदा विचार करा.'

मॅडमनी फक्त एवढं सांगितलं होतं, "पहले थोडा डर, फिर राहत, फिर फोन नंबर. ब्लॉग ऐसेही चलता है." भीती कोणाची दाखवायची ते त्यांनी सांगितलं नव्हतं. 'अडाणी हात' हे शब्द माझे आहेत. लिहिताना ते चांगले जमले असं वाटलं होतं. मला तेव्हा तुझी आठवणसुद्धा आली नाही, आणि हेच मला अजून समजत नाही. दोन परिच्छेद वर तुझेच हात होते.

तो ब्लॉग सगळ्यात जास्त वाचला गेला. इंद्रलोकच्या, जेसल पार्कच्या सगळ्या ग्रुपवर फिरला. दिवाळीपर्यंत तुझी पाचही घरं सुटली. तू कोणालाही का म्हणून विचारलं नाहीस. फक्त म्हणालीस, "गुडघं दुकत्यात, गावाला जाते." लिफ्ट बंद असताना सात मजले चढणारे तुझे गुडघे. मी तुला स्टँडवर सोडायला आले, पिशवी चढवली आणि "तब्येतीला जप" म्हणाले. गाडी सुटेपर्यंत तू माझ्याकडे बघत होतीस. तुला कळलं होतं का गं? वाचून झाल्यावर परत डाळ निवडताना मी मान वर केली नव्हती, तेव्हाच कळलं असेल. मी शाळेत असताना माझी चोरी पकडायचीस तशी पकडली असशील, आणि या वेळी बोलली नसशील.

मागच्या सोमवारी मी मॅडमना सांगितलं, तो परिच्छेद काढा. त्या म्हणाल्या, "अरे, सबसे ज्यादा फोन उसीसे आते हैं. मावशी के लिए थोडी लिखा था? जनरल लिखा था." मी म्हणाले, "मॅडम, साहिलच्या अंगाला पहिला हात कोणाचा लागला होता?" त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. मग म्हणाल्या, "निकाल दे." मी तिथेच काढला. पण लोकांच्या फोनमध्ये गेलेला कसा काढणार?

म्हणून बुधवारी स्वप्नालीकडे गेले. दार सासूबाईंनी उघडलं. मी म्हणाले, "तुम्ही मावशींना जो लेख पाठवला होता, तो मी लिहिलाय. त्यातला मालिशवाल्या बायकांचा भाग खोटा आहे. मी ज्यांचं सगळं चोरून लिहिलं, त्याच त्या मावशी."

त्या म्हणाल्या, "मग छापलंत कशाला, बाई? आम्ही शिकलेल्यांचं म्हणून खरं मानलं."

याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर सांग.

आतून स्वप्नाली बाळ घेऊन आली. अन्वय तीन महिन्यांचा झालाय, गाल आलेत. ती म्हणाली, "ताई, सेंटरमध्ये हा घंटी वाजेपर्यंत रडतो. मावशींकडे झोपून जायचा." मग तिने फोन काढला. तुझा नंबर तिच्याकडे 'मालिशवाली' म्हणून होता. मला विचारलं, "मावशींचं नाव काय हो?" बावीस वर्षं तू त्या बिल्डिंगांत जातेयस, आत्या. मी नाव सांगितलं. तिने माझ्यासमोर ते लिहिलं, 'वैजयंताताई'. सासूबाई म्हणाल्या, "त्यांना या म्हणावं," आणि लगेच आत गेल्या. मी ते 'या' तुला जसंच्या तसं कळवतेय. यायचं की नाही ते तुझं तू ठरव. माझ्या चुकीवर पांघरूण म्हणून येऊ नकोस.

या पत्राबरोबर दोन कागद जास्तीचे आहेत. तो मी लिहिलेला नवीन ब्लॉग आहे. चांगली मालिशवाली कशी ओळखावी, यावर. ती दारात बांगड्या उतरवते का ते बघा, असं पहिलंच वाक्य आहे. तुझं नाव आहे, पद्धत कोणाची तेही आहे आणि आधीचा लेख मीच लिहिला होता हेही खाली माझ्या नावाने आहे. मॅडमनी वाचलाय. त्या म्हणाल्या, "इसमें अपना फोन नंबर किधर है?" मी म्हणाले, या वेळी नाही.

पण तो मी कुठेही टाकलेला नाही. आधी तू ऐक. जे खोटं वाटेल ते काढायला सांग. नाव नको असेल तर नाव काढते. सगळंच नको असेल तर फाडून चुलीत घाल. याआधी तुझं सगळं मी न विचारता घेतलं.

दादा, शेवटचं तुला सांगते. आत्याने मधेच 'पुरे' म्हटलं तरी तो परिच्छेद तिला परत एकदा वाचून दाखव. तिचे डोळे भरले तर थांब, पाणी दे, आणि मग जिथे थांबलास तिथूनच पुढे वाच. एकही ओळ सोडू नकोस. तिला लिहिता-वाचता येत नाही याचा फायदा या घरात एकीनेच घेतलाय. ती ग्रॅज्युएट आहे.

वाट बघते. फोनवर "बरी हाय" म्हणालीस तरी चालेल, फक्त लगेच ठेवू नकोस.

तुझी एकही बांगडी न फोडलेली,
संध्या